भाकरीची दुरुस्ती

रविवार, मार्चचा दुसरा. सकाळी दहा वाजता.
जागा : सरांच्या भाचीचं घर, दादर.
हजर : सरांची भाची, आमच्या दैनिकाचे निवृत्त वृत्तसंपादक, मी.
उशिरा हजर : प्रकाशक. शीवच्या सिग्नलला अडकले होते, असं त्यांनी सांगितलं.
विषय : सरांनी लिहिलेल्या राजकीय व्यक्तिचित्रांचं पुस्तक.

अशी टिपणं ठेवायची सवय मला नोकरीनं लावली. दैनिकाच्या रविवार पुरवणीची सगळी वरकामं माझ्याकडे असायची. कोणाचा लेख कधी येणार, फोटो कोण आणणार, कुठलं पान रिकामं आहे, हे मला विचारल्याशिवाय कोणाला कळत नसे. पुरवणीचं पहिलं पान मात्र सरांचं. निवडणूक जवळ आली की उमेदवारांची व्यक्तिचित्रं सर लिहायचे, आणि लोक ती कापून ठेवायचे.

सभेत चार विषय घ्यायचं ठरलं होतं. पहिला निघाला आणि भाचीनं चहा आणला, आणि मग कोणीतरी म्हणालं, "सर असते तर आता चप्पल काढून मांडी घालून बसले असते." झालं. सभा तिथंच अडकली.

चपलेचं खरंच होतं. सर कोणाच्याही दारात चप्पल काढायचे. घरात ठीक आहे, पण पक्षाच्या कार्यालयात, मंत्र्यांच्या दालनातही काढायचे. एकदा एका मंत्र्यांनी त्यांचे अनवाणी पाय बघून स्वतःचे बूट टेबलाखाली हळूच काढले, आणि मुलाखत संपल्यावर त्यातला एक सापडेना. सर गुडघ्यांवर बसून तो शोधत होते, असं छायाचित्रकार सांगायचा. सरांनी ते कधी लिहिलं नाही. "तो बूट नव्हताच त्याच्यात," म्हणायचे. कोणाच्यात, हे विचारायची सोय नसे.

ते टिपणं काढायचे नाहीत. वही नाही, रेकॉर्डर नाही. मुलाखतीला जायचे, ऐकायचे, परत यायचे, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी डोळे मिटून बसायचे. खिडकीतून परळकडची एक गिरणीची चिमणी दिसायची. तिच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती उठल्या होत्या, आणि दुपारचं ऊन एका काचेवरून दुसऱ्या काचेवर जाताना चिमणीवर क्षणभर थांबायचं. सरांच्या टेबलाजवळ उभं राहिलं की दुपार लांबायची. मी पानाची वेळ सांगायला गेलेली असायचे, आणि तिथं गेल्यावर मलाही वाटायचं, बसावं जरा.

"सर, सहा वाजता पान छपाईला सोडायचंय."

"थांबा, यादीबाई. तो अजून जिन्यावर आहे."

मला ते यादीबाई म्हणायचे. जिन्यावर असायचा तो त्या आठवड्याचा उमेदवार. बाई उमेदवार असेल तर उत्तर वेगळं यायचं. "उजाडायचंय अजून," म्हणायचे. मग अचानक डोळे उघडायचे आणि पहिली ओळ लिहायचे. पुढं हात थांबत नसे. पत्रकारितेच्या वर्गातली मुलं भेटायला यायची, तेव्हा त्यांचं एकच सांगणं असायचं : "माहिती कोणालाही मिळते. माणूस दिसला पाहिजे. दिसला की लिहायचं." मुलं ते लिहून घ्यायची. सर म्हणायचे, "हे काय लिहिताय? हे दिसलं का तुम्हाला?"

आता मुद्द्यावर येते.

मागच्या विधानसभेच्या वेळी एका आघाडीनं मुख्यमंत्रिपदासाठी एका बाईंचं नाव पुढं केलं. डिलाईल रोडच्या. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही तेच म्हणते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी, मग पाण्यासाठी, मग पुन्हा घरांसाठी त्यांनी मोर्चे काढले होते. दोनदा आमदार झाल्या, तरी राहायला चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत होत्या. सरांनी पहाटेची वेळ मागितली. ते नेहमी पहाटेचीच मागायचे. ताईंच्या माणसानं पाचला या म्हणून सांगितलं.

रविवारी लेख आला. सुरुवात मला पाठ आहे, कारण ती नंतर मला फार वेळा वाचावी लागली :

"अजून उजाडलेलं नाही. चाळीच्या या मजल्यावर एकच आवाज जागा आहे, भाकरी थापण्याचा. ती पाठमोरी आहे. कमरेला पदर खोचलेला. उद्या या हातांत राज्याची सूत्रं येतील, आज त्यांना तांदळाचं पीठ लागलेलं आहे."

टेलिफोन दिवसभर वाजत होता. बायकांचे फोन जास्त. सोमवारी एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तो परिच्छेद प्रार्थनेनंतर वाचून दाखवला, असं कळवलं. आमचे वृत्तसंपादक सहसा कोणाचं कौतुक करत नाहीत. ते स्वतः उठून सरांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "भाकरीचा वास आला हो."

मंगळवारी दुपारी एक गृहस्थ आले. ठेंगणे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. माझ्यासमोर उभे राहिले.

"लेख कोणी लिवला हो?"

मी सरांकडे बोट दाखवलं. सर डोळे मिटून बसले होते.

"झोपलेत?"

"नाही. लिहितायत."

त्यांनी जरा विचार केला. "उठवा मग. गरम आहेत तोवर."

ते ताईंचे यजमान होते. अख्खा डिलाईल रोड त्यांना भावजी म्हणतो, कारण ताईंचा नवरा तो सगळ्यांचाच भावजी. त्यांनी टेबलावर फडकं सोडलं. आत चार भाकऱ्या होत्या, तांदळाच्या, पातळ, एका मापाच्या. सगळा विभाग गोळा झाला.

"साहेब, लेख एक नंबर," भावजी म्हणाले. "मजल्यावर सगळ्यांनी वाचला. गावाला पण पाठवला. पण भाकरी माझी."

"म्हणजे?" सर म्हणाले.

"म्हणजे मी थापतो. ती नाय थापत. तिला येतच नाय."

"पण मी आवाज ऐकला."

"बरोबर. तो माझाच."

"आणि पाठ..."

"पाठ कोणाची दिसली तुम्हाला? मधी पडदा होता ना. तुम्ही भायरच्या खोलीत, मी आत."

मग अगदी हळू आवाजात, जणू शेवटची आशा, सरांनी विचारलं, "कमरेला पदर?"

भावजींनी स्वतःच्या शर्टाकडे खाली पाहिलं. "पदर खयचो? गंजिफ्रॉकवर होतो."

आम्ही सगळे हसलो. भावजीही हसले. सर हसले नाहीत. त्यांनी एक भाकरी उचलली, दोन्ही हातांत धरली आणि खिडकीच्या उजेडासमोर नेली. ते भाकरीकडे बघत होते की तिच्यातून पलीकडे, मला सांगता येणार नाही.

भावजी अठरा वर्षांचे असताना गावाहून आले, तेव्हा एका खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या गिरणीतल्या माणसांत त्यांची सोय झाली होती. बायका गावाला. जेवणाच्या पाळ्या लावलेल्या. एका म्हाताऱ्या जॉबरनं, म्हणजे गिरणीतल्या मुकादमानं, त्यांना भाकरी शिकवली, चिरली की पाठीत धपाटा घालून. "मिल बंद पडली, मशीन भंगारात गेली," भावजी सांगत होते. "हातात राहिलं ते हे. तिच्या सगळ्या मोर्च्यांना डबा माझा. निवडणुकांना पण. मला काय नाव नको साहेब. पण शेजारची पोरं चिडवतात, भावजी, तुमच्या भाकरीचं बक्षीस ताईनं घेतलं. चार ओळींची दुरुस्ती छापा. मोठं काय नको."

"छापू," सर म्हणाले. "येत्या रविवारी."

मी लगेच नोंद केली : दुरुस्ती (भाकरी), रविवार, पान एक.

त्या दिवशी संध्याकाळी वृत्तसंपादकांनी ती यादीतून काढून टाकली. त्यावरून सरांशी त्यांचं भांडण झालं, त्याची मी साक्षीदार आहे. रविवारच्या सभेत भाचीकडे त्यांनी तेच भांडण पुन्हा केलं, फक्त या वेळी समोर सर नव्हते.

"मी आजही नाही म्हणेन," ते म्हणाले. "मतदानाला पंधरवडा राहिला होता. आपण छापलं असतं की ताईंना भाकरी येत नाही, तर काय झालं असतं? दिवसभर टीव्हीवर तेच. एक पॅनेल, दोन तज्ज्ञ, एक आचारी. ती बाई पाण्यावर बोलायला उभी, तिला पिठावर बोलायला लावलं असतं."

"पण खोटं होतं ते," भाची म्हणाली.

"खोटं होतं, पण चांगलं होतं."

"कोणासाठी?"

यावर त्यांनी बिस्किट घेतलं.

खरं तर ताईंच्या कार्यालयातूनही फोन आला होता. तो मीच घेतला. एक उत्साही आवाज म्हणत होता, "मॅडम, प्लीज हां, काही छापू नका. भाकरी एकदम क्लिक झालीय." झाली होतीच. लालबागच्या सभेत बायकांनी ताईंना पितळी परात भेट दिली. मग कोणी म्हणालं, ताई, दोन थापून दाखवा. कॅमेरे पुढं आले. नंतर भावजींनीच मला सांगितलं की त्याच्या आधीचे तीन दिवस ते घरी ताईंना शिकवत होते. प्रचारातून आल्यावर, पाय सुजलेले असताना. "पीठ जास्त, पाणी कमी, सगळा गोंधळ. मी म्हटलं, अगो, भाषणात हात फिरवतेस तसो फिरव. तर परातच फिरली." सभेतली भाकरी एका बाजूला फाटली होती. फोटोत ती बाजू कापली गेली.

दुरुस्ती माझ्या संगणकावर जुळवून तयार होती. दर सोमवारी सर विचारायचे, "यादीबाई, या रविवारी?" आणि मी वृत्तसंपादकांच्या केबिनकडे बघायचे. मतदान झालं. निकाल लागला. ताईंची जागा आली, आघाडीचं सरकार आलं नाही. त्यानंतर वृत्तसंपादक म्हणाले, "आता कशाला?" आणि तो मजकूर तसाच राहिला.

सर बदलले ते त्यानंतर. लिहायचं बंद केलं असं नाही. पहिली ओळ लिहायचे आणि खोडायचे. सहाला पान सोडायचं असताना साडेसातला माझ्याकडे येऊन सांगायचे, "आज काही दिसत नाही हो." मी जुन्या लेखातला एखादा भाग टाकून पान भरायचे. मग एक दिवस त्यांनी मला त्यांची सगळी जुनी व्यक्तिचित्रं काढून द्यायला सांगितली. ग्रंथालयातून गठ्ठे आले. मी ती सालाप्रमाणे लावायला घेतली, तर म्हणाले, "तसं नको. बाप्ये इकडे, बाया तिकडे."

बाप्ये सगळे जिना उतरत होते. एकजात. कोणी चाळीचा, कोणी बंगल्याचा, कोणी पक्ष कार्यालयाचा, पण पहिल्या परिच्छेदात प्रत्येकजण वरून खाली येत होता आणि खाली माणसं वाट बघत होती. बाया सगळ्या पहाटेच्या अंधारात स्वयंपाकघरात होत्या. महापौरपदाची उमेदवार, खासदारकीची, एक माजी मंत्री. सगळ्या पाठमोऱ्या. इतकी वर्षं ती पानं माझ्या हाताखालून गेली होती, आणि दर वेळी मला ती नवीन वाटली होती. वाचकांनाही.

सर त्या दोन गठ्ठ्यांच्या मधे बसले. मग त्यांनी गिरगावातल्या त्यांच्या वाडीतल्या खोलीबद्दल सांगितलं. लहानपणी ते आत्याजवळ वाढले. स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात त्यांचं अंथरूण. जाग यायची ती थापण्याच्या आवाजानं. स्टोव्हची निळी ज्योत आणि तिच्यासमोर आत्याची पाठ. त्या उजेडात भिंतीवर तिची सावली छतापर्यंत जायची आणि हात हलला की अख्खी खोली हलल्यासारखी वाटायची. "पुन्हा झोप लागायची मला," ते म्हणाले. "चेहरा आठवत नाही तिचा. पाठ सांगा, आत्ता काढून दाखवतो." मग उजाडल्यावर खिडकीतून वडील दिसायचे, लाकडी जिना उतरून ऑफिसला जाताना.

"दिसलं की लिहायचं म्हणत होतो," सर म्हणाले. "दिसत होतं ते माझ्याच घरातलं."

त्यांनी जे ठरवलं ते मला वेडेपणाचं वाटलं, आणि मी त्याची व्यवस्था केली. ज्या ज्या बाईवर लिहिलं होतं, तिच्याकडे जाऊन विचारायचं : मी आलो होतो त्या पहाटे, मी येण्याआधी, तुम्ही काय करत होता? एवढा एकच प्रश्न. मी फोन करून वेळा घेतल्या, बसचे नंबर बघितले, त्यांच्या गोळ्यांची डबी माझ्या पर्समध्ये ठेवली. बहुतेक ठिकाणी मीच बरोबर गेले.

शीवला, किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एक बाई एकदा लोकसभेला उभ्या होत्या आणि पडल्या होत्या. प्रश्न ऐकून त्या खूप वेळ हसल्या. "अंथरुणात होते हो. उठायचीच भीती वाटत होती. तुम्ही बाहेर येऊन बसलायत कळलं, म्हणून घाईघाईनं जाऊन दोन भांडी वाजवली. म्हटलं, बरं दिसतं."

"ती भांडी मी लिहिली," सर म्हणाले.

"वाचलं ना. छान लिहिलं होतंत."

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या बाई आता नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी गच्चीवर होते. पहाटे एकटी गच्चीत जाऊन मी मोठमोठ्यानं भाषण करायचे. कावळे ऐकायचे." आणि त्यांनी आम्हाला ते भाषण म्हणून दाखवलं, बसल्या जागी, हळू आवाजात. त्यातली एकही ओळ सरांच्या लेखात नव्हती. खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि त्या बाई त्या समुद्राला उद्देशून पाण्याच्या टाक्यांबद्दल बोलत होत्या, आणि सर लहान मुलासारखे तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

गिरगावातल्या माजी मंत्री मात्र फार वृद्ध झाल्या होत्या. भिंतीवर सरांचा लेख चौकटीत लावलेला. सरांनी प्रश्न विचारला, तसं त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "तुम्ही लिहिलंय तेच. स्टोव्हपाशी होते ना. निळी ज्योत होती. बाहेर अंधार. हाताला पीठ. मला सगळं आठवतं." त्या सांगत गेल्या, लेखात होतं त्याहूनही जास्त. भिंतीवरची सावलीसुद्धा सांगितली. सून आम्हाला दारापर्यंत सोडायला आली आणि कुजबुजली, "आमच्याकडे तेव्हा स्वयंपाकाला बाई होत्या. आई पहाटे फाइली वाचायच्या. रोज. दार लावून. पण आता त्यांना विचाराल तर हेच सांगतात."

जिना उतरताना सर मधल्या पायरीवर बसले. मी गोळी काढली. त्यांनी नको म्हटलं.

"यादीबाई, फाइली गेल्या. मी घालवल्या."

"सर, वय झालंय त्यांचं."

"आत्याची सावली त्यांच्या भिंतीवर गेली," ते म्हणाले. "आता ही दुरुस्ती कुठल्या पानावर छापणार तुम्ही?"

खालून कोणीतरी वर येत होतं, त्याला वाट द्यायला आम्ही उठलो.

राहिल्या डिलाईल रोडच्या ताई. त्यांची वेळ चार वेळा मिळाली आणि चार वेळा रद्द झाली. अधिवेशन, मोर्चा, ताप, पुन्हा मोर्चा. पाचव्या वेळी आम्ही पोचलो, तर ताई रात्रीच दिल्लीला गेलेल्या आणि सांगायचं राहून गेलेलं. भावजी घरी होते. त्यांनी सरांना बाहेरच्या खोलीत बसूच दिलं नाही. पडदा बाजूला करून आत नेलं, ओट्याशेजारी स्टूल दिलं, आणि पिठाला लागले.

मी दारात उभी होते. बाहेर उजाडत होतं. भावजींच्या हाताखाली गोळा फिरत फिरत मोठा होत होता, आणि सर त्यांच्या तोंडाकडे बघत होते, हातांकडे नाही. भावजींना संकोच वाटायला लागला.

"काय बघताय साहेब?"

"चेहरा," सर म्हणाले. "तुमचे ओठ हलतात थापताना."

"मोजतो मी. तो जॉबर मोजायला लावायचा."

थोड्या वेळानं सरांनी विचारलं, "भावजी, मी आलो होतो त्या पहाटे, तुम्ही भाकरी करत होता. ताई काय करत होत्या?"

भावजींचे हात थांबले. तवा तापला होता, त्यावर पाणी शिंपडायचं ते विसरले.

"होती की. इथंच होती. मागं." त्यांनी मान वळवून पाहिलं, जणू त्या अजून तिथं असतील. मागं एक खिडकी, एक खुर्ची, दोरीवर टॉवेल. "पण काय करते ती या टायमाला... खरं सांगू? मला नाय माहीत. माझी पाठ असते तिच्याकडे."

सर हलकेच हसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. ते भाकरी खाऊन उठले, आणि दारात चपला घालताना मला म्हणाले, "दुरुस्तीत नुसती भाकरी काढून चालणार नाही. ती काढलीत, तर तिथं काय ठेवाल? हे विचारून घ्या. मग छापा." जणू मी वर्षानुवर्षं त्याच सूचनेची वाट बघत होते, असं ते सहज म्हणाले.

दिवाळीनंतर सर गेले. दुपारी खुर्चीत, डोळे मिटलेले. भाचीला वाटलं, लिहितायत.

तर रविवारची सभा. प्रकाशकांचं मत असं की भाकरीचा लेख पुस्तकात पहिला हवा, जसा छापला तसा, कारण लोक तोच मागणार. वृत्तसंपादक म्हणाले, आता तळटीप टाकायला हरकत नाही, आता काय फरक पडतो. मी सांगितलं, फरक पडतो. ताईंचं नाव पुन्हा पुढं आलंय, त्याच पदासाठी, आणि मागच्याच आठवड्यात एका वाहिनीवर एका तरुण वार्ताहर मुलीनं ताईंवरच्या बातमीची सुरुवात केली ती "भाकरी थापणारे हे हात" अशी. ती मुलगी डिलाईल रोडला गेली होती की नाही, देव जाणे. सरांचा लेख तिनं नक्की वाचला होता.

"मग नुसतं लिहू, भाकरी यजमानांची होती," प्रकाशक म्हणाले. "गोड वाटेल उलट."

"भावजी गोड वाटतील," भाची म्हणाली. "आणि ताई? त्या कुठं गेल्या त्या लेखातून?"

ठराव झाला : लेख घ्यावा. दुरुस्तीसह घ्यावा. दुरुस्तीचा मजकूर मी द्यावा. पान मोकळं ठेवलंय.

सोमवारी मी ताईंना फोन केला. त्या स्वतः आल्या फोनवर, याचंच मला आश्चर्य वाटलं. मी प्रश्न सांगितला.

"कोण विचारतंय?"

"सर."

"ते गेले ना?"

"हो."

पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी त्यांना पुढं बोलवत होतं. त्या थांबल्या. "इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही. काय खाता, काय नेसता, घर कसं सांभाळता, सगळं विचारून झालं." मग म्हणाल्या, "फोनवर नको. एकदा पाचला ये. आणि बाहेर बसू नकोस, सरळ आत ये."

मी कुठलंही काम त्याच आठवड्यात उरकते. हे राहिलंय. छापखाना रोज फोन करतो, मी रोज उद्या सांगते. कारण असं की फोन ठेवल्यापासून मला त्या दिसायला लागल्या आहेत. खिडकीपाशी ती खुर्ची, केस मोकळे, मांडीवर कागद, बाहेर फिकट होत जाणारा अंधार, आणि त्या कशाकडे तरी बघतायत. इतकं स्पष्ट दिसतं की बसून लिहून काढावं. ते जोवर दिसतंय, तोवर मी तिथं जाऊन उपयोग नाही, मी तेच बघून येईन.

तेव्हा, बाकी काम : ताईंकडे जाणे. पहाटे पाच. वार अजून ठरवलेला नाही.